चोच किती लांब होती?

बागेतल्या पक्ष्यांची नोंद ठेवायला लागून वर्ष झालं. बुलबुल, दयाळ, शिंपी, चिमण्या यांच्या नोंदी बिनबोभाट गेल्या. अडकलो ते एका सूर्यपक्ष्यापाशी.

जास्वंदीवर रोज येणारा जांभळा सूर्यपक्षी ओळखीचा झाला होता. एका सकाळी आलेल्या नराची चोच मात्र भलतीच लांब, बाकदार. लोटेनचा सूर्यपक्षी! घाईघाईने पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद भरली आणि तपशिलात लिहिलं, ‘पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळतो.’ नोंद तपासणीत गेली ती तिथेच बसली. आठ दिवसांनी उत्तर आलं, ‘अधिक तपशील द्यावा.’ कोणता, ते नाही. मी तेच वाक्य वाढवून पाठवलं. आणखी आठ दिवसांनी पुन्हा तेच उत्तर. चोच आणि पोटाचा रंग, एवढं पहिल्याच वेळी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याचा राग अजून गेलेला नाही.

वही उघडली तर तिच्यातही नुसतं नाव. मग पाच सकाळी जास्वंदीसमोर बसून काढल्या. सहाव्या दिवशी तो आला. या वेळी नाव लिहिलंच नाही. दिसलं ते लिहिलं. चोच डोक्यापेक्षा बरीच लांब, छातीवर गडद तांबूस पट्टा, पोट मळकट तपकिरी. जांभळ्याचं पोट निळसर काळं असतं. दुसऱ्याच दिवशी नोंद मान्य झाली. तो दिवस मी मोठ्या आनंदात घालवला.

तेव्हा वर्णन आधी, नाव शेवटी. माद्यांच्या बाबतीत तर चोच नीट पाहाच, बाकी दोन्ही जातींच्या माद्या फार सारख्या दिसतात. सुरुवातीची वेळ आणि एकूण मिनिटंही लिहा. 1998 पासून फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या पक्षीगणनेत किमान 15 मिनिटं पाहायचं असतं, रोजच्यासाठीही तेवढा वेळ मला पुरतो. बुलबुलांची एकच जोडी दहादा ये-जा करते, म्हणून मी एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तोच आकडा धरतो.

आणि कावळा रोजचाच म्हणून गाळू नका. मी पहिले दोन महिने गाळला. त्या दोन महिन्यांत बागेत कावळे किती होते, हे आता माझ्या वहीला सांगता येत नाही.