लेन्सला नजर भिडवणारी मेडुसा

ग्रीक पुराणकथेतील, केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाच्या डोळ्यांत पाहणारा दगड होतो, म्हणूनच वीर पर्सियस ढालीतील प्रतिबिंब पाहत तिचा शिरच्छेद करतो. अशा स्त्रीला कॅमेऱ्यासमोर बसवण्याचे धाडस लंडनच्या छायाचित्रकार मादाम इव्होंद यांनी १९३५ मध्ये केले. उच्चभ्रू स्त्रियांना पुराणातील नायिका म्हणून साकारणाऱ्या त्यांच्या ‘गॉडेसेस’ मालिकेतील मिसेस एडवर्ड मेयर यांचे मेडुसारूप मला सर्वाधिक प्रिय आहे.

डोक्याभोवती आणि गळ्याभोवती रबरी साप, खडूसारखा पांढरा चेहरा, जांभळट ओठ आणि रोखलेली नजर. तीन निगेटिव्हमधून रंग एकावर एक बसवणाऱ्या व्हायवेक्स प्रक्रियेमुळे हे रंग आजही गडद भासतात. आणि गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवलच, असे अनेकजण मानत असताना इव्होंद यांनी रंगालाच भावनेचे माध्यम केले, हे मला फार मोलाचे वाटते.

रोमन कवी ओव्हिडच्या कथनात मेडुसा मुळात रूपवती तरुणी असते. अत्याचार समुद्रदेव करतो आणि शिक्षा मात्र तिला होते: तिच्या केसांचे साप होतात. ते ठाऊक असले की या चेहऱ्यात राक्षसीण दिसत नाही. दिसतो तो संताप, तोही पूर्णपणे ताब्यात ठेवलेला.