तीन पुड्यांची चिठ्ठी

चीनमधल्या बहुतेक मोठ्या सरकारी इस्पितळांत पारंपरिक चिनी वैद्यकाचा वेगळा विभाग असतो. सिचुआन प्रांतातल्या चेंगडूला एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षी, इंटर्नशिपमध्ये, माझी ड्यूटी अशाच एका विभागात लागली. मी नांदेडची. घरात सुंठ-ज्येष्ठमधाचे काढे होतच असत, त्यामुळे काढ्याचं मला अप्रूप नव्हतं. अप्रूप वाटलं ते तिथल्या कामाच्या शिस्तीचं.

आमच्या लाओशी, म्हणजे शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई, साठीच्या घरातल्या. पोटाच्या जुन्या दुखण्यांसाठी त्यांच्याकडे रांग लागायची. पेशंट बसला की मनगट छोट्या उशीवर, तीन बोटं नाडीवर, आणि मग जीभ बाहेर. जुने पेशंट सकाळी काही न खाता यायचे, कारण खाण्यापिण्याने जिभेवरचा थर रंगतो आणि अंदाज चुकतो. एकदा एका बाईंची जीभ काळीकुट्ट दिसली. मी दचकले. लाओशींनी शांतपणे विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" जठराला सूज आणणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठी चार औषधांचा १४ दिवसांचा कोर्स चालू होता. त्यातल्या बिस्मथने जीभही काळी होते आणि शौचही. नाडी बघणाऱ्या बाईंना हे तोंडपाठ होतं, आणि तेव्हापासून मी त्यांच्या टेबलाजवळची जागा सोडली नाही.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले त्या दिवशी एक निवृत्त बसड्रायव्हर बायकोसोबत आले होते. सगळे त्यांना शिफू म्हणत. त्यांच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा बायोप्सीचा रिपोर्ट होता: जठराच्या अस्तराला जुनाट सूज, अस्तर झिजलेलं, आणि काही ठिकाणी जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर आलेलं. आधी सूज, मग झीज, मग हे पालटलेलं अस्तर, त्यानंतर पेशींची ठेवण बिघडणं आणि शेवटी कर्करोग, हा क्रम कोलंबियाचे पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेया यांनी मांडला. बहुतेक माणसं या रस्त्यावर मध्येच थांबतात, शेवटापर्यंत थोडीच जातात. पण जगातल्या जठराच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून जास्त एकट्या चीनमध्ये आढळतात, त्यामुळे असा रिपोर्ट तिथे कुणी हलक्यात घेत नाही.

शिफूंच्या पोटातला हेलिकोबॅक्टर जंतू आधीच गोळ्यांनी गेला होता. त्रास मात्र उरला होता. दोन घास भात खाल्ला की पोट गच्च, ढेकर, तोंड कडू, आणि थंड काही प्यायलं की लगेच जुलाब. लाओशींच्या शास्त्रात याला वर उष्णता आणि खाली थंडी म्हणतात. त्यावर त्यांनी बान्शिया शिएशिन थांग हा काढा दिला होता. सुमारे १८०० वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या अखेरीस, झांग झोंगजिंग या वैद्यांनी लिहून ठेवलेला. त्यात सात द्रव्यं. सुंठ, ज्येष्ठमध, बोरं आणि जिनसेंग आपल्या ओळखीची. बाकीची तीन म्हणजे बान्शियाचा कंद, हुआंगछिन आणि हुआंगलियान. हुआंगलियान इतकं कडू की जिभेवर ठेवता येत नाही. त्यात बर्बेरीन असतं, जे आपल्या दारुहळदीतही असतं. थंड हुआंगलियान आणि उष्ण सुंठ एकाच भांड्यात उकळायची, ही त्या काढ्याची खुबी. बान्शियाचा कच्चा कंद विषारी आहे, घशाची आग होते आणि सूज येते, म्हणून तो आलं, तुरटी वगैरेंनी शुद्ध करूनच वापरतात. लाओशी दर खेपेला शिफूंचा रक्तदाबही मोजायच्या. ज्येष्ठमध फार दिवस पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

शिफूंना गुण आला होता, हे खरंच होतं. वजन भरलं होतं, भूक लागत होती. "तेच औषध पुढे चालू ठेवा, दोन आठवड्यांचं द्या," ते म्हणाले. लाओशींनी फाइल चाळली आणि विचारलं, "दुर्बीण परत कधी घातली?"

घातलीच नव्हती. पहिल्या वेळी भूल न देता, नुसतं घशाला औषध लावून नळी घातली होती आणि त्याची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. "आता मला काहीच होत नाही," ते म्हणाले. मग थोडं चिडूनच: "तुमच्याच औषधानं बरं वाटतंय. तुमचाच त्यावर विश्वास नाही का?"

लाओशी म्हणाल्या, "पोट फुगणं थांबलं ते मला दिसतंय. अस्तराचं काय झालं ते नाडीत दिसत नाही."

आणि त्यांनी चिठ्ठीवर फक्त तीन पुड्या लिहिल्या. एका दिवसाची एक पुडी. दुर्बीण होईपर्यंत चौथी नाही. बाहेर रांग वाढत होती, शिफूंचा आवाज चढत होता, त्यांची बायको मध्ये पडत होती. पण लाओशी खुर्चीतून हलल्या नाहीत. आयुष्यभर काढे लिहिलेल्या बाईंनी काढा अडवून धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्या क्षणी त्यांच्याबद्दल मला जो आदर वाटला, तो आजही तितकाच आहे.

जीभ दाखवायची म्हणून शिफू उपाशीच आले होते. सोबत बायको होती. म्हणजे भूल देऊन त्याच दिवशी दुर्बीण घालता येण्यासारखी होती. "तू यांच्याबरोबर जा," लाओशी मला म्हणाल्या. ईसीजी, सहीचा फॉर्म, पैसे भरायची खिडकी, सगळीकडे मी हिंडले. सिचुआनी बोली मला अर्धीच कळायची, तरी जिन्यात शिफूंनी मला त्यांच्या बसचा सगळा मार्ग स्टॉपसकट सांगितला, घाबरलेला माणूस बोलतो तसा.

पडद्यावर आधी फिकट, पातळ झालेलं अस्तर दिसलं, खालच्या रक्तवाहिन्यांची जाळी दाखवणारं. मग जठराच्या आतल्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा, किंचित खोलगट लालसर डाग. एंडोस्कोपीच्या डॉक्टरांनी निळसर प्रकाश लावला, तिथली नक्षी बिघडलेली दिसली, आणि त्यांनी तिथून तुकडे घेतले. शिफू जागे झाले आणि म्हणाले, "झालं? एवढंच?"

काही दिवसांनी रिपोर्ट आला: हाय-ग्रेड डिस्प्लेझिया. कर्करोगाच्या अगदी अलीकडची पायरी. पोट न फाडता, दुर्बिणीतूनच तेवढा थर सोलून काढता आला. एंडोस्कोपिक सबम्युकोझल डिसेक्शन नावाची ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे कडेला बिघडलेल्या पेशी नव्हत्या.

काढ्याने त्रास कमी होतो हे मी डोळ्यांनी पाहिलं. पालटलेलं अस्तर तो खात्रीने पूर्ववत करतो असं मी म्हणणार नाही, कारण त्यावरच्या बऱ्याच चाचण्या छोट्या आहेत आणि ढिसाळ आहेत. ग्वांगझौ, यीवूला व्यापारासाठी जाणारी आपली माणसं तिथून पुड्या घेऊन येतात आणि वर्षभर पीत राहतात. त्यांना मी दोन गोष्टी आवर्जून विचारते: पुडीत काय आहे ते लिहून घेतलंय का, आणि बायोप्सी झाली आहे का. पहिला प्रश्न उगाच नाही. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये चुकीची चिनी वनस्पती मिसळलेल्या वजन घटवण्याच्या औषधाने कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली होती.

जखम भरल्यावर शिफू परत आले. लाओशींनी जीभ पाहिली, हुआंगलियान कमी केलं, पुड्या पूर्ण दोन आठवड्यांच्या लिहिल्या. एकाच ताटातून सगळे जेवतात म्हणून बायकोला आणि मुलाला हेलिकोबॅक्टरची श्वासाची तपासणी करायला सांगितली. मग फाइल माझ्याकडे सरकवून पुढच्या दुर्बिणीच्या तारखा लिहायला लावल्या: तीन महिने, सहा महिने, एक वर्ष. शिफूंनी त्या मोबाइलमध्ये उतरवून घेतल्या आणि या खेपेला नळीबद्दल काही बोलले नाहीत.