सिंहगडावर 40 मीटर

आज क्लबची सगळी हॅम (हौशी रेडिओवाली) मंडळी सकाळीच सिंहगडावर. घरी सेट लावला की एलईडी आणि चार्जरची घरघरच जास्त, इथे बँड कसा स्वच्छ! दोन झाडांमध्ये 20 मीटरची वायर ताणली की झाला 40 मीटर बँडचा (म्हणजे साधारण 40 मीटर लांबीच्या रेडिओलहरींचा) डायपोल अँटेना, खाली 12 व्होल्टची बॅटरी, बास. 7 मेगाहर्ट्झवर सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) दिला तर हैदराबाद आलं, मग केरळचे एक ओएम (ओल्ड मॅन, म्हणजे हॅम दोस्त) आले आणि हवामानापासून जेवणापर्यंत जे सुरू झाले ते थांबेचनात 😄

आमच्यातल्याच एकाची मुलगी आली होती, नुकतीच बाराची झालीये म्हणजे आता हॅम लायसन्सच्या परीक्षेला बसता येईल. लायसन्स नाही म्हणून माईक नाही, पण हेडफोन काही काढेना पोरगी. मोर्स (टिंब-रेघांची भाषा) शिकली तर जनरल ग्रेडचं लायसन्स, नाहीतर रिस्ट्रिक्टेड. बाबा म्हणे रिस्ट्रिक्टेड बास, ती म्हणे मोर्सच पाहिजे!

भजी खाणाऱ्या एकाने विचारलंच, मोबाईल असताना हे कशाला? आमच्या सीनियर काकांनी 1993 चा किल्लारीचा भूकंप सांगायला घेतला, हॅमवाल्यांनी तिथून निरोप कसे पोचवले वगैरे, आणि त्या माणसाची भजी गार झाली. पिठलं-भाकरी खाताना परत एसडब्ल्यूआरवरून (अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप) वाद. तो काय मिटत नाही.