बुलेटच्या टॅपेट अ‍ॅडजस्टरला पाणी देताना

वडिलांनी १९७८ साली घेतलेली बुलेट ३५० मी अजून चालवतो. तिच्या इंजिनाच्या उजव्या बाजूला टॅपेट, म्हणजे कॅमवर वरखाली होणारे तुकडे असतात; त्यांच्या कव्हरमागून दर दोन-तीनशे किलोमीटरनंतर टकटक सुरू व्हायची. या इंजिनात व्हॉल्व्हची फट फीलर गेजने, म्हणजे पातळ मापपट्टीने, मोजत नाहीत. इंजिन पूर्ण थंड असताना पुशरॉड, म्हणजे टॅपेटची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारा दांडा, बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, एवढीच कसोटी असते. माझा एक्झॉस्टचा पुशरॉड एका जागी मोकळा फिरायचा आणि अर्धा फेरा दिला की जड व्हायचा. याचा अर्थ अ‍ॅडजस्टरचे, म्हणजे पुशरॉडखालच्या फट जुळवणाऱ्या स्क्रूचे, टॅपेटवर टेकणारे टोक एका बाजूने झिजले होते आणि सेटिंग कितीही काळजीपूर्वक केले तरी टिकणार नव्हते.

पुण्याच्या नाना पेठेतून नवा संच आणला, तो आठशे किलोमीटरमध्ये तसाच झिजला. पार्ट घेताना टोकाच्या कडेवर कानस फिरवून पाहावी, हे मला त्यानंतर कळले: कानस घसरली तर पोलाद कडक आहे, कीस निघाला तर पैसे वाया जाणार. तेव्हा टर्नरकडून ईएन ३५३ या वरचा थर कडक करता येणाऱ्या पोलादाचे नवे अ‍ॅडजस्टर करून घ्यायचे ठरवले. लेथचे काम एका दुपारीत झाले.

खरी अडचण पाणी देण्याची, म्हणजे पोलाद तापवून आणि झटकन थंड करून कडक करण्याची होती. भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात मी ते दोन तुकडे दिले, तेव्हा चार दिवस सांगितले होते. लागले पाच आठवडे. एवढ्याशा कामासाठी भट्टी लावणे परवडत नाही, हे मला मान्य आहे, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गिअरांबरोबर ते जाणार असतील तर तसे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. मी दर सोमवारी फोन करत होतो आणि दर सोमवारी ‘उद्या’ हेच उत्तर मिळत होते. शेवटी तुकडे हाती आले ते संपूर्ण कडक होऊन, आट्यांसकट. लॉकनट आवळताना एकाचा आटा काचेसारखा तुटला. त्या संध्याकाळी मला झालेला संताप अजून पुरता गेलेला नाही, कारण चूक कारखान्याइतकीच चिठ्ठीचीही होती आणि ती चिठ्ठी मी लिहिली होती. त्यावर फक्त ‘केस हार्डनिंग’ (वरचा थर कडक करणे) एवढेच होते; कुठे करायचे ते नव्हते.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या ठिकाणी चित्रच काढून दिले: टोकावर ०.८ मिलिमीटर कडक थर, कडकपणा ६० एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास, आणि आट्यांवर कार्बन शिरू न देणारा लेप. आटे चिवटच राहिले पाहिजेत, हे वाक्य मी लाल शाईने लिहिले. नऊ दिवसांत काम झाले. त्यानंतर चार हजार किलोमीटर झाले. पुशरॉड कोणत्याही कोनात सारखाच फिरतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

सेटिंगसाठी तीन पातळ पाने (स्पॅनर) लागतात, कारण पुशरॉडच्या तळाशी एकावर एक तीन षटकोन असतात आणि मधला लॉकनट आवळताना फट पुन्हा बदलते. म्हणून आवळल्यावर पुशरॉड फिरवून पाहणे टाळू नये. फट कमी राहिली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो, त्यापेक्षा थोडी टकटक बरी. सेटिंगआधी पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाजवळ आणावा लागतो; त्यासाठी आपल्या अँमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा, काटा पुरतो. इग्निशन चालू ठेवून किक हळू दाबावी; काटा मध्यावर आला की तिथेच थांबावे आणि इग्निशन बंद करून मगच पाना लावावा.