आजीची शिंगर मशीन अन् पाडलेली बिल्डिंग

शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात आजीची शिंगर मशीन अजून आहे, पायाने चालवायची, काळ्या अंगावर सोनेरी नक्षी. परवा तिला तेल घालता घालता मोबाईलवर सहज शोधलं तर कळलं की या सिंगर कंपनीची न्यूयॉर्कात लई भारी बिल्डिंग होती, १९०८ ला पूर्ण झालेली, ६१२ फूट, तेव्हा जगात सगळ्यात उंच! मान वर्षभरच टिकला म्हणा, १९०९ ला मेट लाइफचा टॉवर पुढं गेला. गंमत म्हणजे आर्किटेक्ट अर्नेस्ट फ्लॅग उंच बिल्डिंगांवरच टीका करायचा, खाली रस्त्यावर उजेड-वारा पोचला पाहिजे म्हणायचा, म्हणून टॉवर बारीक ठेवला, फक्त ६५ फूट रुंद. लॉबीत संगमरवरी खांब अन् त्यांच्यावर ब्राँझमध्ये सुई, दोरा, बॉबिन. बॉबिन बघा!

पण बारीक टॉवरमध्ये ऑफिसला जागा किती मिळणार, १९६७ ला पाडायला घेतली, आता तिथं वन लिबर्टी प्लाझा. वारसा वास्तू वाचवायचा कायदा तिथं १९६५ लाच आलेला, तरी. मुद्दाम पाडलेली सगळ्यात उंच बिल्डिंग, हे रेकॉर्ड मग पन्नासेक वर्षं तिच्याच नावावर.

आजीला सांगितलं तर म्हणाली, "बिल्डिंग गेली तर जाऊ दे, तू आधी सुईत दोरा ओवून दे."