माळ्यावरचा

शनिवार, रात्री साडेअकरा

सात वर्षांची होईपर्यंत मला रात्रीची भीती कधी वाटली नाही. श्रेय माझ्या धीटपणाचं नाही, जागेच्या टंचाईचं आहे. चरईतल्या चाळीत आमची एक खोली आणि पलीकडे स्वयंपाकघर. भिंतीशी खाटेवर आजी, खाली गाद्यांवर मी, मग आई, दाराशी बाबा. काका गावाहून आले की बाबांचे पाय स्वयंपाकघरात. आजीच्या खाटेखाली तांदळाचा डबा, ट्रंक आणि बाबांचं हत्यारांचं खोकं. बागुलबुवाला शिरायचं असतं तर आधी सामान हलवावं लागलं असतं.

भुतं तेव्हाही होती, भरपूर होती. आजी राजापूरकडची, तिचा साठा मोठा. पण तिच्या प्रत्येक भुताचा पत्ता ठरलेला असायचा. मुंजा पिंपळावर, उलट्या पावलांची हडळ चिंचेवर, साती आसरा पाण्यात, आणि चकवा रात्रीच्या वाटेवर माणसाला गोल गोल फिरवणारा. सगळे घराबाहेरचे. माणसानेच अवेळी त्यांच्या हद्दीत जायचं, मग ते धरणार. शिवाय तिन्हीसांजेला दिवा लावून मी भीमरूपी म्हणायचे. त्यात भूत, प्रेत, समंध यांचा नाव घेऊन बंदोबस्त केलेला आहे, त्यामुळे रात्रीचं काही उरत नसे.

1999 मध्ये आम्ही घोडबंदर रोडला, मानपाड्याला आलो. दोन बेडरूम. एक आईबाबांची आणि एक, बाबा येईल त्याला दाखवायचे, ‘हिची’. आजी तोवर काकांकडे गावी गेली होती. मला नवीन बॉक्सबेड, गुलाबी पडदे, भिंतीला अभ्यासाचं टेबल. तिथल्या पहिल्याच रात्री मला कळलं की एवढ्या जागेत माझ्याशिवाय आणखी कोणीतरी मावू शकतं.

तो पलंगाखाली नव्हता. कार्टूनमधले राक्षस पलंगाखाली राहतात, पण बॉक्सबेडच्या पोटात रजया आणि पाहुण्यांच्या उशा ठासलेल्या. आमचा माळ्यावर राहायचा. दाराच्या वर सिमेंटचा माळा, त्याला आईने जुन्या साडीचा पडदा लावलेला. आत गणपतीचं मखर, पितळी भांडी, माझा पाळणा सुटा करून ठेवलेला. या सगळ्याच्या मागे तो गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असायचा, कारण वर छत टेकत होतं. चेहरा मी त्याला कधीच दिला नाही. गुडघे मात्र मला आजही काढून दाखवता येतील. अंगावर चादर असेपर्यंत तो खाली उतरायचा नाही, असा आमचा करार होता. मे महिन्यात, ठाण्याच्या त्या चिकट उकाड्यात, मी कानापर्यंत चादर घेऊन झोपायचे आणि सकाळी आई म्हणायची, हिला घाम फार येतो, डॉक्टरांना दाखवायला हवं.

हाक मारली की ती यायची, ट्यूब लावायची. ट्यूब दोनदा फडफडून पेटायची. ‘बघ, आहे का कोणी? नाही ना? झोप.’ ट्यूब बंद. आणि आता अंधार आधीपेक्षा दाट. त्यामागचं कारण मला खूप नंतर वाचायला मिळालं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि लख्ख दिवा लावला की ती सगळी कमाई क्षणात जाते. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नसतातच, कडेला असतात. म्हणून अंधारात एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहिलं की ती नाहीशी होते आणि नजर बाजूला केली की परत दिसायला लागते. मी माळ्याकडे सरळ पाहायचे तेव्हा तो नसायचा, टेबलाकडे वळले की हजर. मी काही खोटं सांगत नव्हते. मला जे दिसत होतं ते दिसतच होतं, फक्त ते गुडघे मखराचे होते.

आणि आवाज. पहाटे पंप सुरू झाला की पाइपांत ठोके पडायचे. खिडकीच्या छज्जावर कबुतरं घुमायची. मागे येऊरचा डोंगर, तेव्हा त्या बाजूला दिवेही कमी. शेजारचे आजोबा सांगायचे, येऊरहून वाघ उतरतो. गंमत बघा, त्या वाघाला मी कधी घाबरले नाही. पुढे 2019 च्या फेब्रुवारीत खराखुरा बिबट्या कोरम मॉलमध्ये शिरला, तिथून जवळच्या एका हॉटेलात जाऊन दडला, आणि वनखात्याने त्याला बेशुद्ध करून नेलं. त्या दिवशी ऑफिसात आम्ही सगळे मोबाइलवर ते फुटेज पुन्हा पुन्हा पाहत होतो. भीती वाटली, पण चारचौघांत वाटून घेण्यासारखी. माळ्यावरचा मी कोणाला सांगितला नव्हता. शाळेत तर नाहीच.

हे सगळं आज का, तर माझी लेक. चार वर्षांची झाली आणि तिच्या खोलीत एसीच्या मागे ‘पट्टेवाला’ राहायला आलाय. या वयात कल्पना धावायला लागते आणि खरं-खोटं निवडण्याची अक्कल मागून चालत येते, त्यामुळे हे होणारच, मला त्याची काळजी नाही. मला राग येतो तो ‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल’ म्हणणाऱ्यांचा. संध्याकाळी पोळीच्या चार घासांसाठी स्वतःच त्याला बोलवायचं आणि रात्री मूल रडलं की म्हणायचं, असं काही नसतं! मोठ्यांची ही सोय मला कधीच पटली नाही. आणि ट्यूब लावून ‘बघ, कोणी नाही’ हेही मी करत नाही. पॅसेजमधला झिरोचा दिवा रात्रभर सुरू, आणि दार किती उघडं ठेवायचं ते ती ठरवते. पट्टेवाला काय खातो, एवढं विचारलं. म्हणे, फक्त भेंडी. (तिला भेंडी आवडत नाही.)

आज दुपारी मानपाड्याला गेले होते. रंगकाम काढलंय, म्हणून माळा रिकामा करायचा होता. आई खाली उभी राहून भांडी घेत होती. हात चालू असताना सहज तिला सांगितलं की इथे कोणीतरी बसलेलं असायचं, मला फार भीती वाटायची.

ती हसली नाही. म्हणाली, ‘मला पण वाटायची.’

‘तुला?’

‘मग? तुझे बाबा नाइटला गेले की मी हॉलमध्ये झोपायचे ते काय टीव्हीसाठी? चाळीत सवय नव्हती गं एवढ्या रिकाम्या घराची.’

‘मग तेव्हाच सांगायचंस ना मला.’

‘सांगून? दोघी घाबरलो असतो तर तुझी ट्यूब लावायला कोण आलं असतं?’

आणि तिने पितळी डबा खाली ठेवून दुसऱ्यासाठी हात वर केला.