आठ दिवसांचा आठवडा

सोमवार

संक्रांत होऊन गेली तरी पहाटे बोटं आखडतात. आज सकाळी चहा गाळता गाळता थोरलीशी वाद झाला, आणि कारण नेहमीचंच: फडताळाच्या दारावर चिकटवलेला कागद. दर रविवारी रात्री मी तो नव्याने लिहिते. सोमवारी गणित, मंगळवारी विज्ञान, बुधवारी मराठी आणि इंग्रजी, गुरुवारी सामाजिक शास्त्र. मुलं लहान होती तेव्हा त्या कागदाचा आधार होता. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, आम्ही पुण्याचं बिऱ्हाड हलवून वाईजवळ सासरी आलो आणि नंतर शाळा उघडल्या तरी दोघं परत गेली नाहीत. तेव्हा ती दहाची होती आणि हा आठचा. आता ती पंधराची आहे, हा तेराचा.

ती म्हणाली, "आई, उद्या आपली पाण्याची पाळी आहे. मला उद्या विहीर मोजायचीय. विज्ञानाचा धडा परवा करू."

मी म्हटलं, "टीएमए महिनाअखेरीस पाठवायचेत, त्याचं काय?"

मुक्त विद्यालयाच्या दहावीत टीएमएंना, म्हणजे घरून लिहून पाठवायच्या गृहपाठांना, वीस टक्के वजन आहे, आणि एप्रिलमध्ये तिला पाच विषय द्यायचेत. माझा आवाज चढला. ती काही बोलली नाही, कप विसळून ठेवला आणि निघून गेली. तिचं ते न बोलणं मला दिवसभर टोचत राहिलं.

मंगळवार, रात्री साडेदहा

आज वीज दिवसाची होती. आमची विहीर भावकीत सामाईक आहे. पाळ्या आठ दिवसांच्या, त्यातले दोन दिवस आमचे. हळद काढणीला आल्यामुळे तिचं पाणी तोडलंय, तहान आहे ती फक्त गव्हाला. म्हणून नवऱ्याने कबूल केलं, "दीड तास मोटर चालवतो, मग तीन तास बंद. तुमचं मोजून होऊ दे. राहिलेला गहू उद्या भिजवू." पाळीतले तीन तास सोडून देणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही.

सुरुवात दगडाने झाली. धाकट्याने कठड्यावरून दगड सोडायचा आणि थोरलीने मोबाइलवर वेळ मोजायची. खोली म्हणजे ४.९ गुणिले सेकंदांचा वर्ग, हे तिला पाठ. पहिल्यांदा आलं १.४ सेकंद, म्हणजे ९.६ मीटर. दुसऱ्यांदा १.१, म्हणजे ५.९. तिसऱ्यांदा १.३, म्हणजे ८.३. पाणी काही दगडागणिक वरखाली होत नव्हतं. धाकटा म्हणाला, "ताई, तुझा अंगठा उशिरा पडतोय." त्याचं बरोबर होतं. वेळेचा वर्ग होतो, त्यामुळे अंगठ्याची दोन दशांश सेकंदांची चूक विहिरीत दोन-अडीच मीटरची होते. पुस्तकात हे सूत्र तिने चार वेळा सोडवलंय, पण तिथे सेकंद आयतेच दिलेले असतात.

मग सासऱ्यांनी, आप्पांनी, युक्ती सांगितली. लोखंडी टेपच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा बांधायचा, तिच्या खालच्या दोन हात लांबीला खडू फासायचा आणि टेप पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडायची. वर ओढली की भिजलेला खडू काळपट दिसतो आणि त्याची वरची रेघ म्हणजे पाणी. कठड्यावर धरलेल्या आकड्यातून भिजलेला भाग वजा करायचा. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा ७.२० मीटर. तिसऱ्यांदा तोच आकडा आला तेव्हा थोरलीने टेप तशीच हातात धरून ठेवली होती. ओल्या खडूचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, तिला पत्ता नव्हता.

आडवं माप काढायला त्यांनी कठड्याला बाहेरून दोर गुंडाळला: २० मीटर ४२ सेंटीमीटर. त्यावरून त्रिज्या ३.२५ मीटर. थोरलीने वहीत मांडलं, एक मीटर पाणी म्हणजे तेहेतीस हजार लिटर. मीही मान डोलावली. आप्पा खाटेवरूनच म्हणाले, "पोरी, दगडाच्या आत पाणी भरतेस का तू?" कठडा आणि खालचं बांधकाम एकाच जाडीचं आहे, दीड फूट. पंचेचाळीस सेंटीमीटर वजा केल्यावर त्रिज्या २.८० आली आणि तेहेतीस हजारांचे झाले साडेचोवीस हजार. फक्त भिंतीची जाडी विसरल्याने पाणी एक तृतीयांशाने वाढलं होतं. ही चूक मला दिसली नाही, याचं मला दुःख नाही. तिने ती खोडून न टाकता शेजारी 'भिंत!' असं लिहिलं, ते मला फार आवडलं.

दीड तासात पाणी १ मीटर ८० सेंटीमीटर उतरलं, म्हणजे साधारण चव्वेचाळीस हजार लिटर. मोटर बंद झाली आणि आम्ही पाझर मोजायला बसलो. पहिल्या तासात १४ सेंटीमीटर चढलं, दुसऱ्यात १३, तिसऱ्यात १२. दर तासाला टेप खाली, टेप वर. मधल्या वेळात भाकरी, पिठलं आणि कांदा तिथेच बांधावर.

"कमी का होत चाललंय?" थोरलीने विचारलं. मला येत नव्हतं. पूर्वी मी काहीतरी जुळवून सांगितलं असतं. आज म्हटलं, मला माहीत नाही. आप्पा म्हणाले, "विहीर खाली असली की झरा जोर धरतो, भरत आली की ढिला पडतो." तिने बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघितलं आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "बाहेरचं पाणी उंचावर आहे, आतलं खाली. फरक कमी झाला की ढकलणंही कमी." आलेख काढला तर रेषा वाकत वाकत आडवी व्हायला लागली. वाकलेल्या रेषेचं गणित दहावीत नाही, ते तिला आता हवंय.

बुधवार

पहाटे सहाला ती एकटीच विजेरी घेऊन गेली होती. रात्रीतून पाणी किती चढलं ते तिला पाहायचं होतं. मी खिडकीतून तो उजेड हलताना पाहिला आणि जीव मुठीत धरून बसले. विहिरीचं भय आईला सुटत नाही. परत आल्यावर तिला जवळ घेऊन बजावलं, एकटीने जायचं नाही, धाकट्याला उठवायचं. तिने मानलं.

दुपारी वाटणीचा कागद निघाला. पाळी आठ दिवसांची का, असं धाकट्याने विचारलं म्हणून आप्पांनी ट्रंक उघडली. कागद मोडीतला, शके १८६८ चा. अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९४६. आप्पा त्यांच्या वडिलांकडून मोडी शिकले. धाकटा गेल्या दिवाळीपासून रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसतो. हे वेळापत्रकात कधीच नव्हतं, त्या दोघांनी आपसांत ठरवलं.

मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. शब्द तोडत नाहीत, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. एकच लांब साखळी, आणि ती कुठे तोडायची हे वाचणाऱ्याने ठरवायचं. धाकटा बोट ठेवून एकेक अक्षर काढत होता. 'वीहीरीचेपाण्यातचारआणेहीसा' एवढ्यावर तो अडला. बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. मग एकदम: "विहिरीचे... पाण्यात... चार आणे हिस्सा!" सोळा आण्यांतले चार आणे म्हणजे पाव. आठ दिवसांचा पाव, दोन दिवस. सात दिवसांचा पाव केला असता तर भावकीत दर आठवड्याला भांडण झालं असतं.

संध्याकाळी तो चूल पेटवताना मला म्हणाला, "आई, आठवडा सात दिवसांचा, मग त्यात आठ का?" आणि उत्तराची वाट न बघता बोटांवर मोजलं, सोमवार ते सोमवार, दोन्ही सोमवार धरून आठ. आपण म्हणतोही, आठ दिवसांनी या. मग पुढे: पाळी आठाची आणि वार सात, म्हणून आपली पाळी दर वेळी एक वार पुढे सरकते. या वेळी मंगळवार-बुधवार, पुढच्या वेळी बुधवार-गुरुवार. पुन्हा मंगळवार-बुधवार कधी येणार? लसावि काढला, छप्पन्न दिवस. गेल्या वर्षी लसावि शिकवताना मी त्याला रडवलं होतं, ते आठवून मला आत कुठेतरी लागलं.

गुरुवार

पोह्यांनंतर दोघं अभ्यासाला, मी हिशेबाच्या कामाला. बाकी काही विशेष नाही.

शनिवार

माझ्या मोठ्या नणंदेचा फोन. "अगं वहिनी, पोरगी पंधराची झाली. बोर्डाची परीक्षा नाही, क्लास नाही. पुढे तिला कॉलेजात घेतील का?" त्या काळजीनेच विचारतात. मी शांतपणे सांगितलं की मुक्त विद्यालय केंद्र सरकारचं आहे, १९८९ पासून आहे, नववीत न बसता दहावी देता येते, वय चौदा पूर्ण लागतं, आणि नोंदणी पाच वर्षं चालते. एखादा विषय राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा, पास झालेले जमा राहतात. हे सांगताना माझा आवाज ठाम होता. फोन ठेवल्यावर मात्र मी ओट्याशी तशीच उभी राहिले. परीक्षेचा कागद मिळेल, ती भीती नाही. भीती ही की अकरावीच्या वर्गात साठ जणांत बसल्यावर हिचा हा सावकाश, खोदत जाणारा स्वभाव कोणाला परवडेल का. तिच्या जुन्या शाळेत चौथीत 'प्रश्न फार विचारते' असा शेरा आला होता. तो शेरा मी अजून विसरलेले नाही.

थोरली आज विश्वकोशाचा खंड मांडीवर घेऊन बसली होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हे काम आमच्या वाईत बसून उभं केलं, त्यामुळे घरात त्या खंडांना देवघराच्या खालोखाल मान आहे. ती बेसाल्टवर वाचत होती. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. अखंड खडकात पाणी राहत नाही, ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. "म्हणजे आपला झरा ही एक भेग आहे," ती म्हणाली. जेवताना नवऱ्याने हिवरे बाजारचं सांगितलं. तिथे पावसाचं माप आणि विहिरींची पातळी पाहून गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. थोरलीने विचारलं, आपल्या भावकीचा ताळेबंद मांडता येईल का? नवऱ्याचा घास हातातच राहिला. चार घरं एका कागदावर आणणं सोपं नाही. पण तो नाही म्हणाला नाही.

रविवार, रात्र

विज्ञानाचा टीएमए आज तिने एका बैठकीत लिहिला. गतीच्या प्रश्नाच्या उत्तरात दगडाचं उदाहरण घातलं, तिन्ही चुकीच्या वेळांसकट. तपासणाऱ्याला ते किती रुचेल कोण जाणे. मी बदलायला सांगितलं नाही.

नवं वेळापत्रक लिहायला बसले. कागदावर सात रकाने आखले, थांबले आणि फाडला. मग धाकट्याला हाक मारली, "अरे, जरा ये. आठ रकान्यांचा तक्ता आखून दे मला." त्याने पट्टीने आखला, शेवटच्या दोन रकान्यांवर 'पाणी' लिहिलं आणि वरच्या ओळीत वार पेन्सिलीने घातले, कारण ते दर वेळी सरकणार. राहिलेल्या सहांत गणित, मराठी, इंग्रजी, इतिहास बसले. मोडीला मी आज पहिल्यांदा जागा दिली. आप्पांनी चष्मा लावून तक्ता पाहिला आणि म्हणाले, "माझी वेळ सकाळची ठेव, दुपारी अक्षरं हलतात."

पुढची पाळी बुधवारी. थोरलीने पाचचा गजर लावलाय, आणि शब्द दिल्याप्रमाणे धाकट्याच्या उशाशी त्याचंही जाकीट काढून ठेवलंय.